दोन नाण्यांचा हिशेब

वाशी, नेरुळ, बेलापूर किंवा खारघर, नवी मुंबईच्या कोणत्याही रेल्वे स्थानकातून बाहेर पडावे, थोड्याच अंतरावर औषधांचे दुकान लागते. त्या दुकानात मधुमेहाची गोळी मिळते, रक्तदाबाची मिळते आणि नैराश्यावरचीही मिळते. पहिल्या दोन गोळ्या गिऱ्हाईक नाव घेऊन मागते. तिसरीसाठी मात्र ते आजूबाजूला कोणी ओळखीचे नाही ना हे पाहून घेते, मुठीतली रिकामी पट्टी हळूच पुढे करते आणि कागदी पाकिटात घातलेली नवी पट्टी खिशात टाकून चालू लागते. दुकानदार चिठ्ठी मागत नाही, कारण मागितली तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल. गिऱ्हाईक पावती मागत नाही, कारण पावती घरात कोणी पाहिली तर प्रश्न उभे राहतील. दोघांच्याही सोयीचा असा हा मूक व्यवहार आहे आणि सोयीचा असल्यामुळेच त्याविषयी कोणी तक्रार करीत नाही. ती तक्रार करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट मांडतो. नैराश्यावरील औषधांच्या बाबतीत आपल्या देशात जी घडी बसली आहे ती गोळी विकण्यासाठी बसली आहे, माणूस बरा करण्यासाठी नव्हे. गोळी लिहून देणारा घाईत असतो, विकणारा गप्प असतो आणि पैसे मोजण्याची वेळ आली की शासन, विमा कंपन्या आणि आपली धर्मग्रामेसुद्धा हात आखडता घेतात. शेवटी सारा भार त्याच माणसावर पडतो, ज्याच्या अंगी सकाळी अंथरुणातून उठण्याचेही बळ उरलेले नसते. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या समाजाने ही स्थिती मुकाट्याने चालू द्यावी काय, एवढाच प्रश्न आहे.

आजार की अश्रद्धा?

पुढे जाण्यापूर्वी वाटेतला एक धोंडा दूर केला पाहिजे. आपल्या काही प्रार्थनासभांतून आणि, खेदाने लिहावे लागते, काही प्रवचनांतूनही असे सांगितले जाते की खऱ्या भाविकाला नैराश्य येऊच शकत नाही. जपमाळ आणि पवित्र मिस्सा असताना गोळ्या कशाला? हा उपदेश भक्तीचा आव आणतो, परंतु पवित्र शास्त्राशी तो प्रतारणा करतो. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातील एलिया संदेष्टा आठवावा. कार्मेल डोंगरावर विजय मिळवून आलेला हा देवाचा माणूस रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. परमेश्वर त्याला अश्रद्ध ठरवत नाही, त्याच्यापुढे पापांची यादी वाचत नाही. त्याचा दूत येतो, एलियाला भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो आणि पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. शुश्रूषा आधी होते, संवाद मागाहून. बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय तर वैद्याचा मान राखावयास सांगतो आणि औषधे प्रभूनेच भूमीतून निर्माण केली आहेत असे बजावतो. ज्या घरात हा ग्रंथ उघडला जातो त्या घरात औषधाला अश्रद्धेचे लक्षण म्हणण्यास जागा नाही.

ख्रिस्तसभेनेही या बाबतीत पाऊल पुढे टाकले आहे. तिच्या १९१७ च्या कायदेसंहितेत बुद्धिपुरस्सर आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या संहितेतून ती वगळण्यात आली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने, गंभीर मानसिक व्यथेमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होते असे सांगून तिच्या तारणाविषयी आशा सोडू नये अशी शिकवण दिली. २००३ च्या नोव्हेंबरात व्हॅटिकनमध्ये नैराश्य याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला मार्गदर्शन केले. देशाचा कायदाही बदलला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावयास सांगितले. रोम बदलले, दिल्ली बदलली. बदलायचे राहिले ते आपल्या इमारतीतील शेजारी आणि आपल्या घरातील वडीलधारी.

बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत, दर वीस प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठल्याचे आढळले, आणि नैराश्यग्रस्तांपैकी शंभरातील सुमारे ८५ जण उपचारांविना असल्याचे दिसले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आपण सुटलो असे कोणी समजू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतील २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या आणि ती संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. यांतील प्रत्येक मृत्यूमागे नैराश्यच होते असे नाही. कर्ज असते, दारू असते, घरातील छळ असतो. परंतु ज्यांच्यामागे ते होते त्यांपैकी किती जणांना औषध वेळेवर, पुरेशा मुदतीपर्यंत आणि योग्य देखरेखीखाली मिळाले असेल? मी अशा अंत्यविधींस उभा राहिलेला आहे. शवपेटीभोवती त्या वेळी जी कुजबुज चालते ती ऐकल्यानंतर या विषयावर मौन पाळणे मला शक्य नाही.

औषध गुणकारी आहे काय, असे सुशिक्षित वाचक विचारतील. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑक्सफर्डचे आंद्रेआ चिप्रियानी व त्यांचे सहकारी यांनी ५२२ चाचण्यांचा आणि त्यांतील १,१६,४७७ रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला. तपासलेली सर्व २१ औषधे निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली, मात्र ती सरसता माफक होती. २०२२ साली लंडनच्या जोआना मॉन्क्रीफ व सहकाऱ्यांनी, मेंदूत सेरोटोनिन नावाचे द्रव्य कमी पडते म्हणून नैराश्य येते या लोकप्रिय समजुतीला सुसंगत पुरावा नाही असे दाखविले. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचावेत. औषध कसे काम करते याविषयी वाद आहे, परंतु त्याने अनेकांना उभे केले आहे. ती आधाराची काठी आहे. पाय मोडलेल्याची काठी हिसकावून घेणारा आणि त्याच्या हाती नुसती काठी देऊन निघून जाणारा, हे दोघेही सारखेच दोषी होत.

चिठ्ठी

आता ही काठी हाती येते कशी ते पाहू. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालाने नमूद केल्याप्रमाणे आपल्या देशात एक लाख लोकांमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ आहेत. असावयास हवेत तीन. म्हणजे एक पुरता माणूससुद्धा आपल्या वाट्याला येत नाही. त्यात 'ठाण्याला पाठवा' ही आपल्याकडची जुनी थट्टा. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचे नाव शिवीसारखे वापरण्याची सवय लागलेला समाज मनोविकारतज्ज्ञाची पायरी सहजासहजी चढत नाही. त्यामुळे चिठ्ठी बहुधा लिहिली जाते ती नाक्यावरच्या फॅमिली डॉक्टरकडून.

यात मुळात वाईट काही नाही. प्राथमिक पातळीवरील डॉक्टरांनीच हा आजार ओळखावा व हाताळावा, असाच १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा आणि १९९६ पासूनच्या जिल्हा कार्यक्रमाचा उद्देश आहे. अडचण आहे ती वेळेची. बाहेर बाकावर तापाचे वीस रुग्ण ताटकळत असताना अर्धा तास एकाच रुग्णाला कोण देणार? आणि या आजारात तो अर्धा तास हाच उपचाराचा अर्धा भाग असतो. पूर्वी कधी अकारण उत्साहाचे, झोपेविना काम करण्याचे दिवस येऊन गेले काय, हे विचारावे लागते. कारण तसे असेल तर आजार दुसराच असतो आणि नुसती ही गोळी त्याला उन्मादाकडे ढकलू शकते. जीव द्यावासा वाटतो काय, हेही सरळ विचारावे लागते. मग रुग्णाला चार गोष्टी सांगाव्या लागतात: गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतील, पहिल्या काही दिवसांत मळमळ वा अस्वस्थता वाटेल, बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागेल, आणि थांबवायचे तेव्हा एकदम न थांबवता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागेल. रुग्ण पंचविशीच्या आतला असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी त्याच्यावर विशेष लक्ष ठेवावे लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांबाबत तसा ठळक इशारा २००४ साली दिला आणि २००७ साली तो तरुणांपर्यंत वाढविला. खरी चिठ्ठी ही एवढी आहे. गोळीचे नाव हा तिच्यातला सर्वांत छोटा शब्द आहे आणि आपल्याकडे बहुतेक वेळा तेवढाच लिहिला जातो.

घाईला आणखी एक पळवाट मिळालेली आहे. नैराश्यावरच्या एस्सिटालोप्राम या औषधात क्लोनाझेपाम हे झोप आणणारे औषध मिसळून एकच गोळी आपल्या बाजारात सर्रास विकली जाते. पहिले औषध काम करावयास काही आठवडे घेते, दुसरे त्याच रात्री झोप आणते. रुग्ण खूश होतो, डॉक्टरांचे नाव होते. परंतु या दुसऱ्या औषधाची सवय लागते आणि मिसळलेल्या गोळीतून ते वेगळे काढता येत नाही. अशा मिश्रणांचा इतिहास उद्बोधक आहे. फ्लुपेंटिक्सॉल व मेलिट्रासेन यांचे 'डिअँक्सिट' नावाने विकले जाणारे मिश्रण एका डॅनिश कंपनीचे. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने मे २०१२ च्या अहवालात दाखवून दिले की खुद्द डेन्मार्कमध्ये त्याच्या विक्रीस परवानगी नाही. जून २०१३ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली आणि प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेले. आपल्या देशातील लोकांचे मन म्हणजे इतरांनी नाकारलेल्या मालाचे गोदाम आहे काय?

चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहावे की कंपनीचे, हाही प्रश्न पैशाशी जोडलेला आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये मूळ नावाची सक्ती करणारे नियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगित केले. तीन आठवडेही ते टिकले नाहीत. कंपन्यांनी डॉक्टरांना भेटवस्तू देऊ नयेत अशी संहिता मार्च २०२४ मध्ये आली. ती पाळली जाते की नाही हे पाहण्याचे काम मुख्यतः कंपन्यांच्याच संघटनांकडे आहे. कुंपणालाच राखणीला बसविल्यावर शेताचे काय होते हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

दुकान

कायद्याने पाहिले तर ही औषधे 'एच' अनुसूचीत मोडतात, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी सवय लावणारी औषधे १ मार्च २०१४ पासून 'एच १' या अधिक कडक अनुसूचीत आहेत. ती विकताना रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. दुकानात नोंदणीकृत औषधनिर्माता हजर असला पाहिजे हा नियमही जुनाच आहे. महाराष्ट्रात २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी हे नियम खरोखरीच राबवावयास घेतले, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी बंदचे हत्यार उपसले. कायदा कागदावर होता तोपर्यंत कोणाचीच हरकत नव्हती!

स्टेफन एक्स आणि सौमिता बसू यांनी कोलकात्याच्या परिसरात केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञाने एकदा लिहिलेली चिठ्ठी कशी वर्षानुवर्षे फिरत राहते, तिच्यावरून दुसरेच लोक औषध घेतात आणि पदवी नसलेले वैदूही तीच नावे कशी उतरवून घेतात, हे त्यांनी त्यात मांडले आणि अशा चिठ्ठ्यांना 'तरंगत्या चिठ्ठ्या' असे नाव दिले. कोलकाता दूर आहे असे मानण्याचे कारण नाही. आमच्या परिचयातील एक गृहस्थ एकाच जुन्या चिठ्ठीवर तीन वर्षे तीच गोळी घेत होते. या काळात त्यांना कोणत्याही डॉक्टरने तपासले नव्हते. नोकरी सुटली तेव्हा घरखर्चातून पहिली कात्री त्यांनी या गोळीला लावली. आठवडाभरात चक्कर, घाम, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखी संवेदना सुरू झाली. पत्नीला वाटले कोणी तरी करणी केली, त्यांना स्वतःला वाटले वेड लागले. औषध एकदम तोडल्याने असे होते, हे त्यांना डॉक्टरने सांगितले नव्हते आणि ज्याने छत्तीस महिने पट्ट्या विकल्या त्यानेही नाही.

दुकानदाराला सगळाच दोष देणे अन्याय होईल. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार नियंत्रित औषधाच्या कमाल किमतीत किरकोळ विक्रेत्याचा १६ टक्के वाटा धरलेला असतो. हा वाटा पट्टी विकल्यावर मिळतो. "आधी डॉक्टरांना भेटून या" असे सांगितल्यावर काहीच मिळत नाही. ज्या व्यवस्थेत सदाचरणाचा दंड भरावा लागतो त्या व्यवस्थेत सदाचरणी माणसे कमी होतात, यात नवल ते काय?

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. गोळी आपल्याकडे स्वस्त आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूला नव्हे तर केवळ प्रक्रियेला पेटंट दिले, त्यामुळे भारतीय कारखान्यांनी वेगळ्या प्रक्रियेने तीच औषधे बनविली आणि जगाच्या मानाने कितीतरी कमी दरात विकली. २००५ साली वस्तूचे पेटंट परत आले तोपर्यंत या गटातील मुख्य औषधे आपल्याकडे पसरलेली होती. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांत ती आणखी स्वस्त मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. हे सारे स्वागतार्ह आहे, परंतु दुखणे येथे नाही. महाग आहे तो तज्ज्ञाचा अर्धा तास. खासगी मनोविकारतज्ज्ञाच्या एका भेटीचे शुल्क महिनाभराच्या गोळ्यांच्या किमतीहून कितीतरी अधिक असते. मग घरातील हिशेबी माणूस भेट टाळतो आणि गोळी चालू ठेवतो. बिनचिठ्ठीच्या विक्रीचे मूळ बेफिकिरीपेक्षा या हिशेबात अधिक आहे.

पैसा

हा हिशेब कोणी बदलायचा? उत्तर कायद्यात आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम १८ नुसार अत्यावश्यक औषधांच्या यादीतील मनोविकारांवरची सर्व औषधे, सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक शासकीय वा शासनाच्या निधीवर चालणाऱ्या रुग्णालयात, सर्व काळ मोफत मिळाली पाहिजेत. २०२२ च्या राष्ट्रीय यादीत नैराश्यासाठी अमिट्रिप्टिलिन, एस्सिटालोप्राम आणि फ्लुओक्सेटिन ही तीन औषधे आहेत. हेच कलम आणखी पुढे जाते: किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसतील तर रुग्णाने जिल्ह्यातील अन्य ठिकाणी उपचार घ्यावेत आणि खर्च शासनाने सोसावा. नवी मुंबई महानगरपालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो आणि खारघर-पनवेलचा रायगडात. दोन्हीकडच्या नागरिकांना हा हक्क आहे. वाचकहो, आपल्यापैकी किती जणांनी तो मागून पाहिला? वाशी, नेरुळ, ऐरोली येथील पालिकेच्या रुग्णालयांत जाऊन ही तीन नावे कोणी उच्चारली आहेत काय? न मागितलेला हक्क कालांतराने नसल्यासारखाच होतो.

विम्याची कथा अधिक खेदजनक आहे. याच कायद्याच्या कलम २१ ने विमा कंपन्यांवर बंधन घातले की शारीरिक आजाराला जो न्याय तोच मनाच्या आजाराला द्यावा. विमा नियामक प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१८ रोजी तसा आदेश काढला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची पुन्हा आठवण करून द्यावी लागली. अक्षराने पाहता कंपन्या हा नियम पाळतात. परंतु नेहमीची पॉलिसी दावा मान्य करते तो रुग्ण किमान चोवीस तास रुग्णालयात दाखल झाला तरच. अस्थिभंगाला किंवा बायपासला हे ठीक आहे. नैराश्याचा रुग्ण मात्र बहुधा खाटेवर नसतो. तो सकाळच्या लोकलमध्ये लटकत असतो, घणसोलीच्या कार्यालयात संगणकापुढे बसलेला असतो, स्वयंपाकघरात डबे भरत असतो. त्याचा उपचार बाह्यरुग्ण विभागात होतो आणि तेथे विमा संपतो. बाह्यरुग्ण खर्चाची जोड देणाऱ्या पॉलिसी आहेत, पण जादा हप्ता भरून आणि मर्यादेसह. मनाला शरीराइतकाच दर्जा दिला असे सांगायचे आणि अट मात्र शरीराच्या मापाने शिवायची, याला समता म्हणत नाहीत.

शासकीय योजनाही याच वाटेने जातात. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मानचे पाच लाखांचे कवच मिळाले. परंतु मुले परदेशी गेल्यावर बंद घरात कोमेजत चाललेल्या आजीची रोजची गोळी त्यात बसत नाही. कामगार राज्य विमा योजनेत बाह्यरुग्ण उपचार व औषधे मिळतात, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कामगारांना तिचा आधार आहे. पण ज्याचा पगार महिना एकवीस हजारांच्या वर गेला तो तिच्यातून बाहेर पडतो आणि घरकाम करणाऱ्या भगिनींना किंवा रिक्षाचालकांना ती मुळातच लागू नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार आरोग्यावरील एकूण खर्चात कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून भरलेला हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा झाली हे खरे; पण लपविलेल्या आजाराचा खर्चही लपूनच होतो. त्याची पावती नसते, त्यामुळे परतावाही नसतो.

काही जण म्हणतील, पाश्चात्यांसारखे औषध फुकट केले तर जो तो गोळ्या खात सुटेल. ही भीती निराधार नाही. इंग्लंडमध्ये २०२२-२३ या वर्षात सुमारे ८६ लाख लोकांना ही औषधे दिली गेली आणि त्यांतील अनेकांना ती खरोखर हवीत काय, यावर तेथे मोठा वाद चालू आहे. म्हणूनच माझी मागणी केवळ फुकट गोळीची नाही. गोळीबरोबर तो अर्धा तास, ती चौकशी आणि औषध थांबविण्याचा सल्लाही मिळाला पाहिजे. तो कसा मिळू शकतो हे आपल्या शेजारच्या गोव्याने दाखविले आहे.

गोव्याचा धडा

डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात 'संगत' ही संस्था स्थापन केली. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत सामान्य बाह्यरुग्ण विभागातील ४५० जणांचा समावेश होता आणि दोन महिन्यांनंतर फ्लुओक्सेटिन निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले. म्हणजे तज्ज्ञाकडे न जाणाऱ्या आपल्या गोरगरिबांतही औषध उपयोगी पडते. पुढे त्यांनी वेगळाच प्रयोग केला. वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक स्त्री-पुरुषांना त्यांनी समुपदेशनाचे पद्धतशीर शिक्षण दिले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसविले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दहा केंद्रांतील ४९५ नैराश्यग्रस्त होते. तीन महिन्यांनंतर, ज्यांना अशा समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या त्यांतील ६४ टक्के आजारातून बाहेर आलेले होते; ज्यांना केवळ नेहमीचा उपचार मिळाला त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. परदेशी पदवी नाही, वातानुकूलित दवाखाना नाही. शिकविलेला शेजारी आणि त्याने दिलेला वेळ, एवढ्यावर हे घडले. आपल्या धर्मग्रामांत परिचारिका आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, धर्मभगिनी आहेत. आपल्याकडे काय कमी आहे?

आपले अंगण

लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला हे सर्वांना पाठ आहे. त्यानंतरचा भाग आपण घाईने वाचतो. तो जखमीला उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो, सकाळी मालकाच्या हाती चांदीची दोन नाणी ठेवतो आणि अधिक खर्च झाला तर परतताना देईन असे सांगतो. उपचार, आसरा, पैसा आणि पुन्हा येऊन चौकशी करण्याचे वचन, एवढे मिळून दया पुरी होते. आपली दया तेलापाशीच संपते. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आपण मिस्सानंतर वेगळी झोळी फिरवतो, रुग्णाचे नावही वाचून दाखवतो. वर्षभर गोळी घ्यावी लागणाऱ्या, नाव वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी आपल्या वैद्यकीय निधीत रकाना नाही. मुलीची सोयरीक मोडेल म्हणून आईबाप आजार दडवतात आणि लग्नानंतर तो उघड झाला की फसवणुकीचा दावा घेऊन धर्मप्रांताच्या न्यायासनापुढे उभे राहतात. ही लज्जा आपण निर्माण केलेली आहे, तेव्हा ती मोडण्याचे कामही आपलेच.

म्हणून माझे प्रस्ताव रोकठोक आहेत. प्रत्येक धर्मग्रामाच्या वैद्यकीय निधीतून आणि सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या मदतीतून बाह्यरुग्ण मनोपचाराचा खर्च, म्हणजे तज्ज्ञाची भेट, गोळ्या आणि प्रवासखर्च, किमान एक वर्षासाठी आणि संपूर्ण गुप्ततेने दिला जावा. जो प्रवचनकार व्यासपीठावरून गोळ्या फेकून द्यावयास सांगतो त्याला पुन्हा निमंत्रण देऊ नये, मग त्याच्या सभेला कितीही गर्दी होवो. आपल्या समाजातील औषध दुकानदारांनी चिठ्ठीवाचून ही औषधे न देण्याचे ठरवावे आणि आपण त्या नकाराबद्दल त्यांच्यावर रागावू नये. विमा कंपनीने दावा नाकारला तर लेखी कारण मागावे व विमा लोकपालाकडे जावे. ज्याला आज रात्रीच कोणाशी तरी बोलण्याची गरज आहे त्याच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. तिचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक चर्चच्या फलकावर मिस्सांच्या वेळापत्रकाशेजारी लागावा.

आणि शेवटचे, ज्याला पैसाही लागत नाही. पुढील अंक निघण्यास तीन महिने आहेत. तोवर प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहातील दोघांनी आपल्या जवळच्या शासकीय वा पालिका रुग्णालयात जावे आणि अमिट्रिप्टिलिन, एस्सिटालोप्राम व फ्लुओक्सेटिन ही औषधे आज येथे मोफत मिळतात काय, असे विचारावे. मिळालेले उत्तर, तारीख आणि रुग्णालयाचे नाव लिहून संपादकांकडे पाठवावे. कायदा ज्यांनी केला त्यांच्यापुढे ती उत्तरे ठेवण्याचे काम मग आपण मिळून करू.